५०८ आलं म्हणजे गर्दी वाढली असं नाही

सिंहस्थ जवळ आला तशी नाशकात वेबसाइटची कामं वाढली आहेत. पंचवटीतले लॉजवाले, त्र्यंबक रोडवरचे होम-स्टे, गाड्या भाड्याने देणारे, सगळ्यांना साइट हवी आहे. बहुतेकांना ती शेअर्ड होस्टिंगवरच, म्हणजे अनेकांत मिळून वापरायच्या सर्व्हरवरच हवी असते, कारण थोडक्या पैशांत काम होतं. माझी त्याला अजिबात ना नाही. छोट्या धंद्याला शेअर्ड होस्टिंग पुरतं असं माझं ठाम मत आहे. पण घेताना लोक फक्त जागा किती जीबी एवढंच विचारतात, आणि मी बघितलेल्या बंद साइट्सपैकी जागा संपली म्हणून बंद पडलेली क्वचितच असते. बाकीच्या मर्यादा विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला ठाऊक नसतात. त्यापायी लोकांचे पैसे उगाच जातात, ते मला बघवत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

निफाड तालुक्यातला एक तरुण शेतकरी कांद्याच्या बाजारभावाची साइट चालवतो. लासलगाव, पिंपळगाव, विंचूर. लाल किती, उन्हाळ किती. किमान, कमाल, सरासरी. सकाळच्या लिलावाचे भाव हाती आले की मोबाइलवरूनच पोस्ट टाकतो आणि लिंक व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर सोडतो. गेल्या हंगामात नेमकं त्याच वेळी साइटवर ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ असं पान यायला लागलं. थोड्या वेळाने साइट आपोआप सुरू व्हायची, पण तोवर भाव बघायची वेळ निघून गेलेली. होस्टिंगच्या सपोर्टचं उत्तर आलं की ट्रॅफिक वाढलंय, वरचा प्लॅन घ्या. वरचा प्लॅन जवळजवळ तिप्पट पैशांचा. त्याने मला फोन केला. “ताई, दिवसाला दीड-दोन हजार लोक येतात. प्लॅनवर तर महिन्याला लाख व्हिजिटर लिहिलंय. मग जास्त कुठं झालं?”

प्रश्न बिनतोड होता. महिन्याच्या आकड्याचा आणि ५०८ चा तसा काही संबंधच नाही.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो खाती असतात. पूर्वी त्यातल्या एकाची स्क्रिप्ट बिघडली की सगळा सर्व्हर रडायचा, आणि होस्टिंगवाला सरळ ते खातं बंद करून टाकायचा. २०१० मध्ये क्लाउडलिनक्स ही सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि प्रत्येक खात्याला वेगळं कुंपण घालता येऊ लागलं. त्याला ते एलव्हीई म्हणतात. तुमच्या खात्याला सीपीयू किती, मेमरी किती, डिस्कवर सेकंदाला किती वाचायचं-लिहायचं, एका वेळी किती कामं चालवायची, हे सगळं त्यात ठरतं. म्हणजे मर्यादा ही मुळात वाईट गोष्ट नाही. शेजारच्या खात्यावर हल्ला झाला तरी तुमची साइट चालू राहते ती याच कुंपणामुळे.

क्लाउडलिनक्समध्ये मुळात येणारे आकडे असे आहेत: सीपीयू १०० टक्के, म्हणजे प्रोसेसरचा एक कोअर. मेमरी १ जीबी. एंट्री प्रोसेस २०. डिस्कचा वेग सेकंदाला १०२४ केबी. होस्टिंगवाले प्लॅनप्रमाणे हे कमी-जास्त करतात.

५०८ येतं ते एंट्री प्रोसेसमुळे. एका क्षणी तुमच्या खात्यात किती पीएचपी विनंत्या एकदम चालू आहेत, त्याची ही मोजणी. पीएचपी ही सर्व्हरवर पान तयार करणारी भाषा. वीस चालू असताना एकविसावी आली की तिला ५०८. हे ऐकून माणूस घाबरतो, की वीसच लोक? तसं नाही. पान तयार होऊन गेलं की ती जागा लगेच मोकळी होते. आता वाचतोय त्या माणसाची मोजणी होत नाही, ज्याचं पान आता तयार होतंय त्याचीच होते. मी हे सांगितल्यावर तो शेतकरीच म्हणाला, “म्हणजे भुईकाट्यासारखं. आवारात ट्रॅक्टर किती आले त्याला महत्त्व नाही, एकेक काट्यावर किती वेळ उभा राहतो त्याला आहे.” याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

पण खरी गोम एंट्री प्रोसेसच्या मागे असते. त्याची साइट वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर आहे, आणि तिच्यावर पेज बिल्डर, स्लायडर, जुन्या भावांचे तक्ते दाखवणारं प्लगइन असं बरंच काही होतं. समजा एक पान तयार करायला सीपीयूचा पूर्ण एक सेकंद लागतो. कोअर एकच, म्हणजे सेकंदाला एक पान. लिंक ग्रुपवर पडली आणि सेकंदाला तीन जण आले. दहा सेकंदांत तीस जण येतात, दहांचं काम होतं, वीस आत अडकतात. त्यापुढचा जो येईल त्याला ५०८. सीपीयूची मर्यादा गाठली तर कुठलीही एरर येत नाही, साइट फक्त मंदावते. मंदावली की विनंत्या जास्त वेळ अडकून राहतात, आणि मग एंट्री प्रोसेस भरतात. एरर एकीची दिसते, दोष दुसरीचा असतो. म्हणून ‘एंट्री प्रोसेस वाढवून द्या’ म्हणून भांडण्यात अर्थ नव्हता. वीसच्या चाळीस केल्या असत्या तर ५०८ आणखी दहा सेकंदांनी आलं असतं, एवढंच.

हे सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगचं खातं सांभाळायच्या पानावर, स्वच्छ दिसतं. ‘रिसोर्स यूसेज’ नावाचं पान असतं, तिथे ‘डिटेल्स’मध्ये प्रत्येक मर्यादेचा आलेख मिळतो आणि ती किती वेळा गाठली तेही, त्याला फॉल्ट म्हणतात. त्याच्या आलेखात सकाळी सीपीयूची रेघ आधी शंभराला टेकून आडवी पडलेली होती, आणि एंट्री प्रोसेसची त्यानंतर वर चढलेली. हा क्रम बघणं महत्त्वाचं आहे.

मग सीपॅनेलच्या रॉ ॲक्सेसमधून लॉगची, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदीची, फाइल उतरवली. यात बऱ्याचशा ओळी कांदा उत्पादकांच्या नव्हत्याच. वर्डप्रेसच्या एक्सएमएल-आरपीसी नावाच्या जुन्या फाइलवर कुणीतरी पासवर्डचे अंदाज मारत होतं, त्याच त्या पत्त्यांवरून, सेकंदासेकंदाला. कसले कसले बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्रॅम, मागच्या वर्षांची भावाची पानं एकेक करून उघडत होते. गूगल ॲनालिटिक्समध्ये यातलं बहुतेक काही दिसत नाही, कारण ते ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टवर चालतं आणि हे बॉट सहसा ती चालवतच नाहीत. सर्व्हरला मात्र प्रत्येक वेळी पीएचपी चालवावी लागते. ट्रॅफिक वाढलंय असं सपोर्टने सांगितलं, ते खोटं नव्हतं. पण ते ट्रॅफिक कुणाचं, हे सांगायचं राहिलं. मला राग येतो तो याचा. ज्याला दोन मिनिटांत लॉग बघता येतो त्याने शेतकऱ्याला तिप्पट पैसे भरायला सांगावं, हे बरं नाही.

एक्सएमएल-आरपीसी आम्ही एचटी-ॲक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलमधूनच बंद केलं, म्हणजे विनंती पीएचपीपर्यंत पोचतच नाही. तो पोस्ट ब्राउझरमधून टाकतो, वर्डप्रेसचं ॲप वापरत नाही, म्हणून हे निर्धास्त करता आलं. ॲप किंवा जेटपॅक हे प्लगइन वापरत असाल तर आधी तपासून घ्या. दुसरं, वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन. नेमून दिलेली कामं करायची वेळ झाली का, हे वर्डप्रेस पान उघडलं जाताना बघतं आणि झाली असेल तर स्वतःलाच आणखी एक विनंती पाठवतं, तीही ऐन गर्दीत. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून ते बंद करता येतं आणि सीपॅनेलच्या क्रॉन जॉबमध्ये दर पंधरा मिनिटांनी लावता येतं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो पेज कॅशने, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच सगळ्यांना देण्याने. त्याचा सर्व्हर लाइटस्पीड या सॉफ्टवेअरवर चालणारा होता, तिथे कॅशमधलं पान सर्व्हर स्वतःच देतो, पीएचपी जागी होत नाही आणि एंट्री प्रोसेसही मोजली जात नाही. पण इथे एक बारीक मेख आहे. नवीन पोस्ट टाकली की त्या पानाची आणि मुखपृष्ठाची कॅश पुसली जाते. म्हणजे भाव टाकला, कॅश रिकामी झाली, आणि त्याच क्षणी लिंक ग्रुपवर! पहिला लोंढा पुन्हा पीएचपीवरच. म्हणून आता तो पोस्ट टाकतो, मग खाजगी विंडोत मुखपृष्ठ आणि ती पोस्ट स्वतः एकदा उघडतो, आणि मगच लिंक सोडतो. खाजगी विंडोच का, तर लॉगिन केलेल्या माणसाला सहसा कॅशमधलं पान मिळत नाही आणि इतरांसाठी ते तयारही होत नाही. प्लॅन तोच आहे. यंदा उन्हाळ कांद्याच्या ऐन आवकेत साइट चालू होती.

मेमरीबद्दल थोडक्यात. खात्याची १ जीबी वेगळी आणि पीएचपीची मेमरी लिमिट वेगळी. दुसरी एकेका प्रोसेससाठी असते. ती वाढवून ५१२ एमबी केली की साइट पळेल असा समज आहे, तो चुकीचा. तेवढी मेमरी खरोखर खाणाऱ्या दोन प्रोसेस एकदम आल्या तर खात्याची संपलीच. मग ५०० किंवा ५०३ ची एरर दिसते.

इनोडचं मात्र सांगायलाच हवं, कारण ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये माणूस बहुधा तिथेच अडकतो. इनोड म्हणजे ढोबळमानाने फाइलींची आणि फोल्डरांची संख्या. आकारमान कितीही असो, फाइल ती एक. अंबडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याची मेल अचानक येईनाशी झाली. डिस्कवर जागा भरपूर, पण इनोड भरलेले. कारण त्यांच्या सगळ्यांच्या मेल वर्षानुवर्षं सर्व्हरवरच होत्या आणि तिथे प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते. वर ऑफिसातल्या प्रिंटरने स्कॅन करून पाठवलेल्या, बॅकअप झाल्याच्या, कसल्या कसल्या आपोआप येणाऱ्या मेल. कोटेशन मागणाऱ्यांच्या मेल परत जात होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता. फोटोंचंही तेच. वर्डप्रेसवर मोठा फोटो चढवला की तो त्याच्या छोट्या-मोठ्या प्रती काढतो, म्हणजे एका फोटोमागे सात-आठ फाइली होतात. होम-स्टेवाल्यांनो, मोबाइलमधले शंभर फोटो उचलून जसेच्या तसे टाकू नका.

आता वरचा प्लॅन कधी घ्यावा? जिथे कॅश लावता येत नाही तिथे. पिंपळगावचे बेदाणे ऑनलाइन विकणाऱ्याचं कार्ट आणि पैसे भरायचं पान प्रत्येकासाठी वेगळं असतं, ते दर वेळी पीएचपीलाच तयार करावं लागतं. आलेखात सीपीयू दिवसभर शंभराला टेकलेला असेल आणि लॉगमध्ये खरीखुरी माणसं असतील, तर पैसे घालायलाच हवेत, तिथे काटकसर करू नका. सिंहस्थात रूम बुकिंग घेणाऱ्या साइट याच प्रकारात येतात. कोणत्या तारखेला किती खोल्या रिकाम्या आहेत हे कॅशमधून दाखवलं तर एकच खोली दोघांना दिली जाईल. फोटो, दर, पत्ता, रामकुंडापासूनचं अंतर ही पानं कॅशमध्ये आणि फक्त बुकिंग पीएचपीवर, असं बांधून घ्या. हे काम साइट करणाऱ्याचं आहे आणि ते त्याच्याकडून आधीच मागून घ्यायचं.

आणि होस्टिंग घेताना चॅटवर नको, मेलवर विचारा: सीपीयू किती कोअर, मेमरी किती, एंट्री प्रोसेस किती, डिस्कचा वेग किती, इनोड किती, सर्व्हर लाइटस्पीडचा आहे का, आणि रिसोर्स यूसेजचा आलेख मला सीपॅनेलमध्ये दिसेल का. यातल्या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ आलं तर मी तिथे होस्टिंग घेत नाही.