कडेने जा गं

मी सातवीत गेले तेव्हा, १९९१ च्या जून महिन्यात, बाबांनी मला पहिली सायकल घेऊन दिली. त्या दिवसापासून दहावीची परीक्षा संपेपर्यंत आई रोज सकाळी दारात उभी राहून एकच वाक्य सांगत असे, "कडेने जा गं." पुण्यात एरंडवण्यातून लकडी पुलावरून सदाशिव पेठेतल्या शाळेत जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, एवढाच तो प्रवास होता. रस्त्याची कड म्हणजे सुरक्षित जागा, हे तेव्हा इतके पक्के मनात बसले की पुढे पंचवीस वर्षे त्याविषयी शंका घ्यावी असे मला कधी वाटले नाही.

गेली नऊ वर्षे मी कर्वेनगरहून शिवाजीनगरला कामावर सायकलनेच जाते. अंतर सात-आठ किलोमीटर आहे. कर्वे पुतळा, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज, डेक्कन आणि पुढे फर्ग्युसन रस्ता असा जाताना मार्ग असतो आणि येताना जंगली महाराज रस्त्याने यावे लागते. या नऊ वर्षांत मी तीनदा पडले. तिन्ही वेळा मला मागच्या गाडीची धडक बसली नव्हती. तिन्ही वेळा मागच्या गाडीला वाट देण्यासाठी मी कडेला सरकले होते. ही गोष्ट लक्षात यायला मला तिसरे पडणे लागले, आणि ती नीट मांडावी म्हणूनच हे लिहीत आहे.

सायकलवर बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त भीती वाटते ती पाठीमागून येणाऱ्या गाडीची. समोरचे संकट दिसते, त्याच्याविषयी काही ठरवता येते. मागचे फक्त ऐकू येते. ट्रकचा आवाज जवळ येऊ लागला की मान आखडते, हँडलवरची पकड नकळत घट्ट होते आणि चाक आपोआप डावीकडे वळते. अलीकडे या भीतीत एक नवी भर पडली आहे. २०१९ पासून शहरात विजेवर चालणाऱ्या बस आल्या. हवेसाठी त्या चांगल्याच आहेत आणि त्यांचे मी मनापासून स्वागत करते, परंतु जुन्या बसच्या इंजिनाची घरघर पन्नास पावलांवरून ओळखू यायची, तशी ही बस ओळखू येत नाही. ती शेजारी आल्यावरच कळते, आणि बारा मीटर लांबीची बस कोपरापाशी आहे हे अचानक कळणे फार वाईट असते. मागून धडक बसून सायकलस्वार दगावतात, हेही खरेच आहे. विशेषतः अंधारात आणि महामार्गावर तो धोका मोठा असतो, म्हणून मागचा लाल दिवा मी दिवसाही चालू ठेवते. माझे म्हणणे एवढेच की त्या एका भीतीपायी आपण शहरातल्या रस्त्यावर जिथे जाऊन पोहोचतो, ती जागा त्याहून बरी नसते.

पहिल्यांदा पडले ते सिमेंटच्या रस्त्यावर. असे रस्ते करताना मधला भाग काँक्रीटचा करतात आणि दोन्ही कडांना पेव्हर ब्लॉक बसवतात. काही महिन्यांत ब्लॉक खचतात आणि दोहोंच्या मध्ये दोन-तीन बोटांची उभी पायरी तयार होते. आडवी पायरी असेल तर चाक आपटून पुढे जाते, परंतु चाकाला समांतर असलेली पायरी चाकाला धरून ठेवते. हँडल वळवायला जावे तर चाक वळत नाही आणि शरीर मात्र वळलेले असते. मोटारीच्या रुंद टायरला ती जाणवतही नाही. दुसऱ्यांदा पडले ते पावसाळी गटाराच्या जाळीमुळे. तिचे गज रस्त्याच्या दिशेने लावलेले होते आणि वर पाणी साचल्यामुळे जाळी दिसतच नव्हती. दोन्ही वेळा खरचटण्यावर निभावले.

तिसरा प्रसंग सविस्तर सांगायला हवा. नोव्हेंबरातली सकाळ होती, सव्वानऊचा सुमार. कर्वे रस्त्यावर दुकानांसमोर मोटारी लावलेल्या होत्या, पण सलग नव्हे; दोन मोटारी, मग मोकळी जागा, मग पुन्हा एक मोटार. मागून एका टेम्पोने हॉर्न वाजवला आणि मी सवयीप्रमाणे त्या मोकळ्या जागेत शिरले. टेम्पो अजून मागेच होता, त्यामुळे पुढच्या मोटारीला वळसा घालून मी जेमतेम बाहेर आले, तोच तिचा चालकाकडचा दरवाजा उघडला. दाराची कड हँडलच्या डाव्या टोकाला लागली. डावे टोक जागीच थांबले, पुढचे चाक डावीकडे फिरले आणि मी उजवीकडे फेकली गेले, म्हणजे थेट रस्त्याच्या मध्ये, टेम्पोच्या पुढ्यात. डांबरावर गाल टेकलेला असताना मला टेम्पोचे पुढचे चाक दिसले. त्याच्या खाचेत एक बारीक खडा अडकला होता. तो चालक वेळेवर थांबला, म्हणून मी आज हे लिहू शकते.

उजव्या बाजूचे कॉलर बोन मोडले होते आणि सहा आठवडे हात झोळीत राहिला. परंतु त्या दुखण्यापेक्षा माझ्या मनात राहिले ते मोटारीतल्या गृहस्थांचे बोलणे. सत्तरीच्या घरातले होते, त्यांचे हात थरथरत होते. मला उठवून दुकानाच्या पायरीवर बसवताना ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अहो ताई, मी आरशात पाहिलं होतं हो. तुम्ही नव्हतात तिथं." आधी मला त्यांचा राग आला. पुढे घरी पडून असताना ते वाक्य मी कितीतरी वेळा मनात घोळवले आणि मला पटले की ते खरे सांगत होते. त्यांनी आरशात पाहिले तेव्हा मी त्यांच्या मोटारीच्या मागे, कडेच्या मोकळ्या जागेत होते. कडेला शिरून मी स्वतःला दिसेनासे केले होते आणि पुढच्याच क्षणाला अचानक प्रकट झाले होते.

थोडा हिशेब केला तर हे आणखी स्पष्ट होते. ताशी १८ किलोमीटर हा काही वेगाचा हव्यास नव्हे, कामावर जाणाऱ्या कोणाही सायकलस्वाराचा तो सहज वेग आहे. आणि तो म्हणजे सेकंदाला ५ मीटर. दार उघडलेले दिसणे, ते मेंदूपर्यंत पोहोचणे आणि बोटांनी ब्रेक दाबणे यात एक सेकंद जातो असे धरले, तर ब्रेक लागायच्या आतच आपण एका मोटारीच्या लांबीहून अधिक पुढे गेलेले असतो. म्हणजे उघडणारे दार पाहून थांबता येईल, ही आशाच चुकीची आहे. दार पोहोचणारच नाही इतक्या अंतरावरून, लावलेल्या मोटारींपासून मीटर-सव्वा मीटर लांबून आणि सरळ रेषेत जाणे, हा एकच खरा उपाय आहे. मोटारीत बसणाऱ्यांना मी आवर्जून सांगते की चालकाने दार डाव्या हाताने उघडावे; तसे करताना खांदा आपोआप वळतो आणि नजर मागच्या रस्त्याकडे जाते. रिक्षातून उतरणाऱ्यांनीही डावीकडे पाय टाकण्याआधी मागे एक नजर टाकावी, कारण रिक्षा आणि पदपथ यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतूनही आमच्यापैकी कोणीतरी येत असते.

चौकात तर कड सर्वांत घातक असते. लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता बरीच आतून जातात. पुढून पाहता भरपूर वाटणारी जागा मागची चाके येईपर्यंत उरलेलीच नसते, आणि चालकाच्या डाव्या हाताच्या त्या कोपऱ्यात काय आहे हे त्याला आरशातही धड दिसत नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या बसच्या किंवा डंपरच्या डावीकडून पुढे सरकण्याचा मोह मी आता कटाक्षाने टाळते. त्याच्या मागे थांबते, धूर सहन करते, एक सिग्नल चुकला तर चुकू देते.

पावसाळ्याविषयी थोडक्यात सांगते. रिम ओली झाली की ब्रेकचे रबर पहिले काही फेरे नुसते घसरतात, म्हणून एरवीपेक्षा खूप आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यावी लागते. झेब्राचे पांढरे पट्टे आणि खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे यांवर वळायचेही नाही आणि ब्रेकही लावायचा नाही. डबके दिसले की त्याखाली खड्डा आहे असेच समजून चालायचे.

हाड जुळल्यावर पुन्हा सायकलवर बसले तेव्हा मी कड सोडली, आणि मग दुसऱ्याच भीतीला सामोरी गेले. कडेपासून मीटरभर आत चालवणाऱ्या बाईला रस्त्यावर काय काय ऐकावे लागते, हे ज्याने अनुभवले नसेल त्याला सांगून कळणार नाही. सतत हॉर्न वाजतात, शेजारून मुद्दाम कट मारला जातो आणि काचा खाली करून लोक ओरडतात, "बाई, कडेने जा की!" आईचेच वाक्य, पण त्यात माया नसते. सुरुवातीला महिनाभर मी घरी येऊन रडले आहे. मात्र एक गोष्ट मी रोज पाहते : हॉर्न वाजवणाऱ्याने मला पाहिलेले असते. तो चिडतो, वेग कमी करतो, उजवीकडून वळसा घालून जातो. ज्याने पाहिलेच नाही, असा माणूस माझ्या वाट्याला नंतर आलेला नाही. नशिबाचा भाग त्यात आहेच, तरीही मी जागा बदललेली नाही.

याच शहराला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. २००६ साली बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकांबरोबर, सातारा आणि सोलापूर रस्त्यांच्या कडेला सायकल मार्ग झाले, २०१७ साली संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. परंतु मला भेटतो तो सायकल मार्ग अर्ध्यावर विजेच्या डीपीपाशी संपतो, किंवा त्यावर दुचाकी लावलेल्या असतात, किंवा समोरून उलट दिशेने स्कूटर येते. त्यातून बाहेर पडून वाहत्या रस्त्यावर उतरायची जागा हीच सर्वांत धोक्याची ठरते. सायकल मार्ग करायचाच असेल तर तो चौक ओलांडून पुढे गेला पाहिजे. मधल्या सरळ रस्त्यावर लाल रंग फासून आम्हाला चौकात सोडून देणे हे काम पुरे झाले असे मानता येणार नाही.

यंदा माझी मुलगी सातवीत गेली आणि तिने शाळेला सायकलने जायचा हट्ट धरला. शाळा दोन किलोमीटरवर आहे. नकार देणे सोपे होते, आणि पंधरा दिवस मी तो दिलाही. मग चार रविवार सकाळी सहा वाजता तिला घेऊन त्याच रस्त्याने गेले. हँडल न हलवता मागे वळून पाहणे, हात पूर्ण लांब करून दाखवणे, मोटारींच्या मधल्या फटीत न शिरणे, बसच्या डावीकडून कधीही न जाणे, एवढेच शिकवले.

पहिल्या दिवशी आई घरी आली होती. मुलगी निघताना ती दारात आली आणि तिच्या तोंडून नेहमीचे वाक्य निघाले. मुलगी म्हणाली, "आजी, कडेने नाही जायचं, दिसेल असं जायचं." आईने माझ्याकडे पाहिले, मग चप्पल घालून फाटकापर्यंत आली आणि आम्ही वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मी मुलीच्या मागे, तिच्यापेक्षा हातभर उजवीकडे राहून चालवत होते. शाळेच्या दारासमोर पालकांच्या मोटारी दोन्ही बाजूंनी लागलेल्या होत्या आणि त्यांची दारे उघडत-मिटत होती. तिथे आम्ही दोघी खाली उतरलो आणि उरलेली शंभर पावले सायकली हातात धरून चालत गेलो. अजूनही तेवढे अंतर आम्ही चालतच जातो.