फी विचारायला मला तीन आठवडे लागले

मनाच्या त्रासासाठी थेरपी घ्यायची हे ठरवून दोन महिने होऊन गेले होते आणि त्यातले तीन आठवडे तर निव्वळ "फी किती?" हे दोन शब्द पाठवण्यात गेले. मेसेज टाइप करायचा, पुसायचा, परत टाइप करायचा, मग फोन उलटा ठेवून झोपायचं. रूट कॅनालचे किती होतील हे आपण तोंड उघडं ठेवून खुर्चीत पडल्या पडल्या पण विचारतो, पण इथे पैशाचं विचारलं तर समोरच्याला वाटेल ही बाई रडायला आलीये की हिशोब करायला, असं काहीतरी डोक्यात. शेवटी एका रात्री साडेअकराला थेरपिस्ट मॅडमना पाठवलं, "नमस्कार मॅडम, फीबद्दल थोडं विचारायचं होतं, राग मानू नका." सकाळी उत्तर आलं, चार ओळी. सेशन किती मिनिटांचं, पैसे किती, कधी द्यायचे, रद्द केलं तर काय. आणि खाली, "राग कसला, हे आधीच विचारलेलं बरं." एवढंच. तीन आठवडे मी यासाठी घाबरले होते.

आता आठ महिने झालेत, म्हणून जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते लिहून ठेवतेय.

पहिली गोष्ट म्हणजे तास हा तास नसतो. सगळे "एक तासाचं सेशन" म्हणतात पण बहुतेक ठिकाणी ते 45 किंवा 50 मिनिटांचं असतं, उरलेल्या वेळात त्यांना नोट्स लिहायच्या असतात, पाणी प्यायचं असतं, आधीच्या माणसाचं डोक्यातून काढून पुढच्यासाठी बसायचं असतं. मला आधी हे दहा मिनिटं कापल्यासारखं वाटलं होतं. आमच्या खोलीत घड्याळ माझ्या डोक्याच्या मागच्या भिंतीवर आहे, म्हणजे ते मॅडमना दिसतं आणि मला दिसत नाही, आणि चार-पाच सेशन मी फक्त त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते, आता वर गेले का, आता गेले का. नंतर कळलं की ते मुद्दामच तिथे असतं, म्हणजे मनगटावरच्या घड्याळात बघून समोरच्याचा मूड जाऊ नये म्हणून.

पहिल्या सेशनकडून फार अपेक्षा ठेवू नका हे मात्र खरंच. मी मनात अख्खं भाषण तयार करून गेले होते आणि तिथे काय, तर झोप किती लागते, भूक कशी आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, घरात कुणाला असा त्रास होता का, आधी कुठे दाखवलंय का. शिवाय दोन प्रश्नावल्या. एक पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्याचे नऊ प्रश्न, आणि दुसरी जीएडी-7, काळजीचे सात, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं त्यावर 0 ते 3 मार्क. पूर्ण पैसे मोजून मी फॉर्म भरून आले असं वाटलं घरी जाताना, आणि रागही आला. पण तिसऱ्या महिन्यात तेच फॉर्म परत भरले तेव्हा आधीचे आकडे शेजारी ठेवून बघता आले, त्यामुळे तो राग मागे घेते. काही जण त्याच्याही आधी पंधरा-वीस मिनिटांचा फोन फुकट करतात, माणूस जुळतोय का बघायला. तो मिळत असेल तर घ्याच, आणि पैशाचं सगळं तिथेच विचारून मोकळे व्हा.

त्याच दिवशी एक संमतीपत्र पण देतात सहीला. तुम्ही बोललेलं बाहेर जाणार नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला, लहान मुलाचा छळ होतोय असं कळलं, किंवा कोर्टाने मागितलं तर सांगावं लागू शकतं, वगैरे. हा भाग मी नीट वाचला. त्याच्याखाली रद्द करण्याचा नियम होता, 24 तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी. तो नाही वाचला.

आणि अर्थातच सहाव्या सेशनला ऑफिसात काम आलं, पाच तास आधी मेसेज टाकला, "आज जमणार नाही, सॉरी", आणि उत्तर आलं की ठीक आहे, काळजी घ्या, नियमाप्रमाणे फी लागू होईल. मी इतकी चिडले. जे घेतलंच नाही त्याचे पैसे? दोन दिवस मनातल्या मनात भांडले आणि मग इंटरनेटवर शोधत बसले की हे असं सगळीकडे असतं की मलाच लुटतायत, तर थेट फ्रॉइड महाशय निघाले, मनोविश्लेषण सुरू करणारे ते व्हिएन्नाचे डॉक्टर. 1913 च्या एका लेखात त्यांनी लिहूनच ठेवलंय की प्रत्येक पेशंटला एक ठरलेला तास दिलेला असतो, तो तास त्याचा, वापरला नाही तरी पैसे द्यायचे, गाण्याच्या किंवा भाषेच्या शिक्षकाला देतो तसेच. त्याच लेखात असंही आहे की सुशिक्षित लोक पैशाच्या विषयावर अगदी लैंगिक विषयासारखेच लाजतात आणि ढोंग करतात, म्हणून डॉक्टरनेच पहिल्यापासून मोकळेपणाने बोलावं. माझा तो साडेअकराचा मेसेज आठवून मला तिथे हसूच आलं.

राग तसा लगेच गेला नाही, पण हिशोब कळला. आपण बोलण्याचे नाही, त्या राखून ठेवलेल्या वेळेचे पैसे देतो. तेव्हा दर मंगळवारी सहाची वेळ माझ्या नावाने अडवलेली होती, वेटिंगवरच्या कुणाला तरी ती मिळत नव्हती, आणि पाच तास आधी ती भरणार कशी. तरी आजारपण, अपघात, घरात कुणी गेलं, अशा वेळी काय करतात हे विचारून ठेवा, बरेच जण तेव्हा सोडतात किंवा त्याच आठवड्यात दुसरी वेळ देतात.

माझी मोठी चूक मात्र वेगळीच होती. मी फक्त एका सेशनची फी बघितली आणि म्हटलं, हं, परवडेल. एक सेशन परवडून उपयोग काय! सीबीटीसारखी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी साधारण 12 ते 20 सेशनची धरतात आणि सुरुवातीला आठवड्यातून एकदा जावं लागतं, लहानपणापासूनचं उकरायचं असेल तर वर्ष-दोन वर्षंही जातात. म्हणजे जी फी सांगतील तिला सरळ बाराने गुणा आणि तो आकडा बघून घाबरायचं तर तेव्हाच घाबरा, मधे नको. शिवाय जायचा-यायचा खर्च, अर्धी रजा, आणि एखादी मोठी चाचणी किंवा ऑफिससाठी पत्र हवं असेल तर त्याचे बहुतेक वेळा वेगळे. गोळ्या लागल्या तर त्या सायकिॲट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचा डॉक्टर, लिहून देतो, त्याची फी वेगळी, औषधांचे पैसे वेगळे, कारण सायकॉलॉजिस्ट किंवा काउन्सेलरला बहुतेक ठिकाणी औषध लिहिता येत नाही. मला हा फरक चाळिशीत कळला, असो.

इन्शुरन्स असेल तर कंपनीला आधी फोन करा, "मानसिक आजार कव्हर आहे का" एवढंच विचारू नका, त्याला ते हो म्हणतात आणि मग कळतं की ते हॉस्पिटलात भरती झालात तरच. ॲडमिट न होता घेतलेली सेशन चालतात का, किती चालतात, आणि पावतीवर काय काय लागतं, हे विचारा. बऱ्याचदा निदानाचं नाव लिहावं लागतं, आणि ते एकदा कंपनीच्या रेकॉर्डला गेलं की गेलं. मी त्यावर विचार करून क्लेम न करायचं ठरवलं, माझी एक मैत्रीण बिनधास्त करते, दोघींचंही बरोबर आहे.

तर बाराने न गुणल्यामुळे माझे पैसे तिसऱ्या महिन्यात संपत आले. प्लॅन असा होता की मेसेजला उत्तरच द्यायचं नाही, हळूहळू गायब व्हायचं. पण त्या मंगळवारी, पर्स उचलून उभी राहिले असताना, तोंडातून गेलं, "मॅडम, मला बहुतेक हे बंद करावं लागेल, पैशाचं जमत नाहीये." त्या म्हणाल्या, "बसा दोन मिनिटं. हे आल्या आल्या सांगितलं असतंत तर आपल्याकडे पन्नास मिनिटं होती." थेरपिस्ट लोकांना हे सवयीचं असतं म्हणे, महत्त्वाचं वाक्य दाराच्या कडीला हात लावल्यावरच बाहेर येतं.

पुढच्या सेशनला त्यावरच बोललो. कमी फीच्या काही ठरावीक जागा त्या ठेवतात, पण तेव्हा भरलेल्या होत्या. असं बरेच जण करतात, उत्पन्नाप्रमाणे फी, फक्त बाहेर पाटी लावत नाहीत, विचारावं लागतं. ही काही आजची फॅशन नाही, त्याच फ्रॉइडने 1918 मध्ये बुडापेस्टला भाषणात म्हटलं होतं की गरिबालाही मनाचा इलाज मिळायला हवा, आणि दोन वर्षांत बर्लिनमध्ये तसं क्लिनिक सुरूही झालं. शिकाऊ थेरपिस्ट, जे सिनियरच्या देखरेखीखाली काम करतात, ते स्वस्त पडतात, ग्रुप थेरपीही. मला मॅडमनी तिन्ही पर्याय सांगितले आणि चौथा म्हणजे दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी. मी तो घेतला. ऑनलाइन पण विचारलं, फी तीच निघाली, जाण्यायेण्याचे वाचतात एवढंच, आणि घरात दार लावून बसायला खोली हवी ना, एकदा करून बघितलं तर शेवटी पार्किंगमधे गाडीत बसून रडत होते आणि वॉचमन काच वाजवून "काय झालं" विचारत होता.

आता पैसे सेशन संपल्यावर तिथेच देते, महिन्याचे एकदम देत नाही, पॅकेज घेतलं तर थोडी सूट होती पण मधे थांबावंसं वाटलं तर उरलेले परत मिळतात का याचं उत्तर "बघू" असं आलं, म्हणून नको म्हटलं. पुढचं सेशन येत्या मंगळवारी आहे. त्याच दिवशी ऑफिसात मीटिंग लागायची शक्यता आहे, त्यामुळे कॅलेंडरला रिमाइंडर टाकलाय, सोमवारी दुपारी चारचा, म्हणजे रद्द करायचंच झालं तर दोन तास हातात राहतात.