आईचा दोरा आणि सोळा तास

जानेवारीत ताईकडे न्यूजर्सीला जायचं ठरलं आणि तिकीट आईला दाखवलं तर ती चष्मा कपाळावर चढवून बघतच बसली. म्हणे रात्री 1 ला निघणार नि सकाळी साडेसहाला न्यूयॉर्क, म्हणजे साडेपाच तासांत अमेरिका? आणि येताना सकाळी 11 ला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई?? येताना काय चालत येणारेस का!

झालं, कागद पेन घेऊन बसलो. थंडीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे (उन्हाळ्यात ते लोक घड्याळ पुढे करतात तेव्हा साडेनऊ), म्हणून जातानाच्या साडेपाचात साडेदहा मिळवायचे नि येतानाच्या साडेचोवीसातून वजा करायचे. जाताना 16, येताना 14. तरी आईचं समाधान नाही, रस्ता तोच तर दोन तासांचा फरक कसला, आणि पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, मग जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडे येत असणार, उलट लवकर पोचायला हवं. लॉजिक भारी आहे, मलाही शाळेत असंच वाटायचं. पण हवा पृथ्वीबरोबरच फिरते ना, चालत्या लोकलमधे उडी मारली म्हणून कोणी मागच्या डब्यात पडत नाही.

मग भाचीचा जुना ग्लोब काढला. आईने शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणला. मला वाटलेलं दोरा अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असा सरळ जाईल, पण तो निघाला वर, कंदाहारच्या जवळून, मॉस्कोला जवळजवळ चिकटून, नॉर्वे, आइसलंड आणि मग खाली उतरला. सगळ्यात जवळचा रस्ता हाच, साधारण 12,500 किमी. भिंतीवरच्या सपाट नकाशाने आपल्याला लहानपणापासून फसवलंय राव.

पण वेळ काही एकट्या अंतरावर ठरत नाही. विमान 10-12 किमी उंचीवर उडतं, तिथे जेट स्ट्रीम म्हणून पश्चिमेकडून पूर्वेला वारे वाहतात, थंडीत तर ताशी 200 किमीच्याही वर जातात. जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर. हे मात्र आईला एका सेकंदात कळलं कारण ती कॉलेजला सायकलने जायची. एअर इंडियाने ऑक्टोबर 2016 मध्ये दिल्ली-सॅनफ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, रस्ता तब्बल 1,400 किमीने वाढला, साधारण 15,300 किमी झाला, आणि तरी दोनेक तास वाचले! वारा पाठीवर घ्यायला एवढा वळसा.

शिवाय दोऱ्याला देशांची भांडणं कुठे माहीत असतात. 2022 पासून अमेरिकन कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. मग काय, वळसे.

जाताना समोरच्या स्क्रीनवर स्पीड बराच वेळ 790 च्या आसपास रेंगाळत होता, मी तीन पिक्चर बघितले, पाय सुजले, तरी ग्रीनलंड आपलं तिथेच. येताना मधेच 1,090 दिसला तेव्हा फोटो काढून ठेवला आणि मुंबईत उतरल्या उतरल्या आईला पाठवला.

तिचा रिप्लाय आला, "चांगला उतार लागलेला दिसतोय. वरण लावलंय, ये."