उंटाला ठोसा आणि पोलादाचं कोडं

तलवार अशी घडवत नाहीत. वितळलेलं पोलाद साच्यात ओतायचं, मग ठोकायचं आणि तापलेलं पातं थेट बर्फात खुपसायचं, हे बघून कुठलाही लोहार कपाळाला हात लावेल. चांगलं पातं घडतं ते ऐरण आणि घण यांच्यामध्ये. पण 'कोनन द बार्बेरियन'ची (१९८२) ही सुरुवात पुन्हा बघताना लोहाराची बाजू घ्यावीशी वाटेना. संगीतकार बेसिल पोलेडोरिसचे ढोल आणि हॉर्न असे काही अंगावर येतात की त्या दोन-तीन मिनिटांत दाखवतील ते खरं.

मला हा सिनेमा आठवत होता तो दंडांचा. आर्नल्ड श्वार्झनेगर, अंगावर कातड्याचे चार तुकडे, हातात भलीमोठी तलवार. प्रत्यक्षात नायक तोंड उघडेपर्यंत चांगली वीसेक मिनिटं जातात. त्याआधी ते चक्र. आईबाप मारले गेलेत आणि पोराला एका अवाढव्य लाकडी चक्राला जुंपलंय. ओसाड माळावर मुलं गोल गोल फिरतायत. ऋतू बदलतात, दांड्यांवरची मुलं कमी होत जातात, उरलेल्याचे पाय भरत जातात, आणि शेवटी एकटाच ढकलणारा मान वर करतो तेव्हा तो श्वार्झनेगर असतो. एक अख्खं बालपण, संवादाविना! ते चक्र नेमकं काय दळतं कुणास ठाऊक. दिग्दर्शक जॉन मिलियसला ते सांगावंसंही वाटत नाही. आज हाच सिनेमा काढला तर चक्राचा इतिहास, चक्राच्या मालकाचं दुःख आणि वर त्याची स्वतंत्र मालिका निघेल.

हसण्यासारखं इथे ढीगभर आहे. नशेत कोनन एका उंटाला ठोसा मारून आडवा करतो. खलनायक थल्सा डूम बसल्या जागी साप होतो. कोननची प्रेयसी व्हलेरिया सोडली तर बहुतेक बायका निव्वळ शोभेच्या, आणि ते आता खुपतंच. (व्हलेरिया झालेली सँडल बर्गमन मुळातली नर्तिका, तलवार फिरवताना ते दिसतं. कोननचा जोडीदार सुबोताई झालेला जेरी लोपेझ तर नावाजलेला सर्फर!) पण एवढं सगळं असूनही सिनेमा एकदाही प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. व्हलेरियाच्या चितेपाशी सुबोताई रडतो. का रडतोस, असं विचारल्यावर म्हणतो, तो कोनन आहे, सिमेरियन (ही त्याची जमात). तो रडायचा नाही, म्हणून त्याच्या वाटचं मी रडतो. हे वाक्य जरा मिश्किलपणे म्हटलं असतं तर मातीच झाली असती.

कोननचा बाप त्याला लहानपणीच बजावतो, माणसांवर विश्वास ठेवू नकोस, बायकांवर नको, जनावरांवर नको. ठेवायचा तो या पोलादावर. पुढे कैदेत सापडलेल्या कोननला डूम त्याचं उत्तर देतो. डूम झालेला जेम्स अर्ल जोन्स आवाज जराही चढवत नाही. उंच कड्यावर उभ्या असलेल्या एका मुलीला तो नुसतं बोलावतो, ये. ती शांतपणे पाऊल पुढे टाकते आणि खाली कोसळते. पोलाद कसलं ताकदवान, खरी ताकद माणसाच्या देहात, असं त्याचं म्हणणं. पूर्वी हा प्रसंग मला मारामारीतला व्यत्यय वाटायचा. आता वाटतं, या सिनेमातली सगळ्यात भयंकर जादू हीच. ना मंत्र, ना धूर. समोरच्याने आपखुशीने जीव द्यावा एवढंच. त्यापुढे तो साप होतो ते अगदीच किरकोळ.

शेवटी डूमचं मुंडकं उडतं ते त्या बापाच्याच तलवारीने, पण मोडक्या. शत्रूच्या हातात असताना कोनननेच घाव घालून ती तोडलेली असते. म्हणजे पोलादावर विसंबायला सांगणारा बाप पुरता खरा ठरत नाही आणि डूमही नाही. मिलियस यावर एक अक्षर बोलत नाही. तुटकं पातं दाखवतो आणि पुढे जातो.

१९८४ साली याचा पुढचा भाग आला, 'कोनन द डिस्ट्रॉयर'. दिग्दर्शक बदलला, रक्त कमी झालं, विनोद वाढले. तो मात्र मी पुन्हा लावलेला नाही, आणि लावेन असं वाटतही नाही.