शिताचं तिकीट

परवा दुपारी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला तो मशीनच्या सुया शोधायला. सुया निघाल्या नाहीत, ताईची पाकिटं निघाली. ताई म्हणजे माझी मावसबहीण. लेस्टरला जाऊन तिला पस्तीस वर्षं झाली, नातवंडं इंग्रजीत भांडतात, पण दिवाळीचं कार्ड पोस्टानंच पाठवायचं हा हट्ट तिनं सोडलेला नाही. परदेशी टपालाचा नेमका दर काय याच्या भानगडीत न पडता ती घरातल्या पुस्तिकेतली दोन तिकिटं काढते आणि शेजारी शेजारी चिकटवून मोकळी होते. चार पैसे जास्तच जात असणार.

२०११ सालच्या पाकिटावर अशाच दोन राण्या होत्या. एकीच्या तोंडावर शिक्क्याच्या नागमोडी रेघा, दुसरी कोरी करकरीत.

शिक्का न बसलेलं तिकीट दिसलं की मला काहीतरी होतं. पंगतीत कुणी पानात अख्खा लाडू टाकून उठलं की होतं ना, तसं. वय पंचावन्न, घरी तिकिटांचा काही उपयोग नाही, ते तिकीट इंग्लंडचं, तरीही मी दोन्ही राण्या कागदासकट कापल्या, कोरी बाजूला काढली, ताटलीत कोमट पाणी घेतलं आणि तिला सोडलं. लहानपणी दहा मिनिटांत कागद खाली आणि तिकीट वर तरंगायचं. मी चहा टाकला, प्यायले, कप विसळला. राणी जागची हलली नाही. तासाभरानं कागदाचा लगदा व्हायला लागला तरी ती त्याला धरूनच. नखानं कोपरा उचलायला गेले तर तिकीट मधूनच उचकटलं. बघते तर त्यात इंग्रजी यूच्या आकाराचे बारीक छेद आधीच देऊन ठेवलेले. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी केलेली खास सोय.

तिकडच्या रोजच्या वापराच्या तिकिटांना २००९ सालच्या फेब्रुवारीपासून हे छेद आले. तिकीट पाण्यात सुटावं म्हणून मध्ये जो विरघळणारा थर असतो, तोही काढून टाकला. राणीचा चेहरा मात्र १९६७ पासून तोच, अर्नोल्ड मॅचिन नावाच्या शिल्पकारानं घडवलेला. मग मी शिक्का बसलेली दुसरी राणी खिडकीशी नेली आणि सुईत दोरा ओवायचं भिंग काढलं. उजेड तिरपा पडला तसं तिच्या अंगभर 'रॉयल मेल, रॉयल मेल' असं लहरत गेलेलं दिसलं. धूपछाव साडीसारखं, हलवलं की आहे, स्थिर धरलं की नाही. त्यात एका 'मेल'मधला ए गायब आणि त्याच्या जागी टी. मला वाटलं, छपाईची चूक, आता मी लखपती. मग दुसऱ्या एका 'मेल'च्या पोटात अक्षरांऐवजी ११ हा आकडा सापडला आणि लाख रुपये गेले. टी म्हणजे ट्वेल्व्ह, बारा तिकिटांच्या पुस्तिकेतलं. सहाच्या पुस्तिकेला एस, चारच्या पुस्तिकेला एफ, धंदेवाल्यांच्या तावांना बी. आणि ११ म्हणजे साल. ताई बाराची पुस्तिका घेते हे तिनं मला पस्तीस वर्षांत सांगितलं नव्हतं, तिकिटानं चुगली केली.

पोस्टाचा लोकांवरचा हा संशय आजचा नाही म्हणा. जगातलं पहिलं तिकीट, पेनी ब्लॅक, मे १८४० मध्ये आलं तेच खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं घेऊन. तावात २४० तिकिटं, कारण २४० पेन्यांचा एक पौंड. आडवी बारा, म्हणजे एक ओळ घेतली की शिलिंग फिटला. पहिलं तिकीट ए-ए, शेजारचं ए-बी, असं करत करत शेवटचं टी-एल. खोटं छापणाऱ्याचं एका ठशावर भागू नये, त्याला २४० करावे लागावेत, असा बेत. वर व्हिक्टोरियाचा चेहरा, तोही का, तर चेहऱ्यात जराशी चूक झाली तरी माणसाच्या डोळ्याला खुपते. हे मला एकदम पटतं. समोरच्या वहिनींनी भुवया कोरल्या ते मला जिन्यात कळलं, त्यांनी हॉलला नवीन रंग दिला तो आठ दिवस कळला नव्हता.

एवढा बंदोबस्त करून शिक्क्याची शाई मात्र लाल ठेवली. ती पुसली जायची. लोक पुसायला लागले. वर्षभरात, १८४१ मध्ये, सरकारनं तिकीटच लाल केलं आणि शिक्का काळा. एका पेनीसाठी दिव्याशी बसून राणीचं तोंड पुसणारी ती माणसं मला फार जवळची वाटतात. आपल्याकडे १८५२ साली सिंधमध्ये बार्टल फ्रिअर साहेबानं (हा आधी साताऱ्याला होता, पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला) जी तिकिटं काढली, त्यातली लाल तर चक्क लाखेची होती. हात लावला की तडकायची. दुसऱ्यांदा वापरायचा प्रश्नच नव्हता, पहिल्यांदा वापरायचीच मारामार.

कोपऱ्यातली अक्षरं एकदा खरोखर कामाला आली, पण पंचवीस वर्षं उशिरा. १८७२-७३ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या तारघरात तारेच्या फॉर्मांवर एक शिलिंगची खोटी हिरवी तिकिटं लागत होती. फॉर्म तिथेच राहायचा, शिक्का बसायचा, कुणी परत बघायचं कारण नाही. १८९८ साली ते जुने फॉर्म तिकिटांच्या व्यापारात आले आणि चार्ल्स निसन नावाच्या माणसाची नजर कोपऱ्यांवर गेली. त्यातल्या काही अक्षरजोड्या खऱ्या तावात असूच शकत नव्हत्या! चोर कधी सापडला नाही. खबरदारी म्हणून अक्षरं छापली आणि पाव शतक ती कुणी वाचलीच नाहीत, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला अगदी हलकं वाटलं होतं. त्याला कारण आहे.

माझं लहानपण नाशिकरोडचं. म्हणजे तिकिटांच्या माहेरचं. आपली तिकिटं आधी लंडनहून छापून यायची, १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि पुढच्या वर्षापासून ती इथे छापायला लागले. गावात नुसतं 'प्रेस' म्हटलं तरी पुरायचं. शेजारचे काका प्रेसमध्ये होते. सुटताना रोज झडती. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या खिशात घरचा रुमाल टिकत नाही, सरकारचं काय आणणार?"

अशा गावात मी चौथीत असताना तिकीटचोर निघाले.

आजोबा, म्हणजे आईचे वडील, राजापूरकडे राहायचे. ते विकतचं पाकीट कधी वापरत नसत. आलेली पाकिटं उसवायची, उलटी करायची, खळ लावून पुन्हा चिकटवायची आणि वर तिकीट लावायचं. कधीकधी उलट्या पाकिटाच्या आतून दुसऱ्याच कुणाचा पत्ता पुसट दिसायचा. त्यांच्या अशाच एका पत्रावरच्या तिकिटावर शिक्का बसला नव्हता. मी ते पाण्यात टाकून सोडवलं, पाटीवर वाळवलं आणि आजोबांनाच पत्र लिहिलं. तिकिटासाठी आईनं दिलेल्या पैशांची शाळेबाहेर बोरं खाल्ली. घरातली डिंकाची बाटली सुकून काच झाली होती, म्हणून दुपारच्या भाताचं एक शीत घेतलं, तिकिटामागे दाबलं आणि पाकीट पेटीत टाकलं.

पाकीट उलटं करून वापरलं तर काटकसर आणि तिकीट परत वापरलं तर चोरी, हा भेद मला तेव्हा कळत नव्हता. आता कळतो, पण समजावून सांगा म्हटलं तर जीभ अडखळेल.

आठ-दहा दिवसांनी आजोबांचं कार्ड आलं. पावसाचं, गाईचं, आजीच्या गुडघ्याचं सगळं लिहून झाल्यावर शेवटच्या ओळीत: "चि. बेबीचे पत्र नॉटपेड मिळाले." बाबांनी विचारलं, "तिकीट लावलं होतंस ना?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. आई म्हणाली, "पडलं असेल." पण माझी खात्री झाली की पकडलं. प्रेसमध्ये तिकिटाच्या पोटात न दिसणारं काहीतरी लिहीत असणार, पोस्टातला माणूस ते वाचत असणार, आणि हे तिकीट एकदा येऊन गेलंय असं त्यात निघालं असणार. काका डबा घेऊन जिना उतरायला लागले की मी मोरीत जाऊन उभी राहायची. काकांनी एकदा सहज विचारलं, "काय गं, अभ्यास झाला का?" तर मी रडले. काकूंनी त्यांनाच झापलं.

मे महिन्यात राजापूरला गेलो. दुपारी सगळे आडवे झाल्यावर आजोबांनी मला पडवीत बोलावलं आणि गठ्ठ्यातून ते पाकीट काढलं. तिकिटाच्या जागी फिकट चौकोन होता आणि त्याच्या बरोबर मधे एक सुकलेलं शीत, अख्खं, मिठाच्या खड्यासारखं. कुणी पकडलं नव्हतं. कुणी काही वाचलं नव्हतं. तिकीट वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं आणि आजोबांनी दुप्पट पैसे भरून माझं पत्र सोडवलं होतं. त्यांनी शितावर बोट ठेवलं. म्हणाले, "बाये, शीत चेचून घ्यावं. अख्खं लावलं की सुकल्यावर सुटतं." एवढंच. मग त्यांनी ते पाकीट उसवलं, उलटं केलं आणि खळ लावायला घेतलं.

रात्री मी ताईला फोन लावला. ताटलीतल्या राणीची हकीकत सांगितली. ती म्हणाली, अगं, छेदबिद जुनं झालं. २०२२ पासून तिकिटाच्या शेजारी बारकोड असतो, चौकड्यांची गिचमिड, प्रत्येकाची वेगळी. आता तर त्यावर राजा आला. बिनाबारकोडची रोजची तिकिटं २०२३ सालच्या जुलैअखेर बंद झाली. बदलून मिळतात, पण फॉर्म भरा, पाठवा, हे तिच्यानं झालं नाही. चार राण्या तशाच ड्रॉवरमध्ये पडल्यात.

"तुला हव्यात का?"

"हव्यात की."

"मग पोस्टानं पाठवते."

दोघी क्षणभर गप्प झालो. मग तिच्याच लक्षात आलं. "म्हणजे ह्या पाठवायला नवीन तिकीट लागेल ना गं!"

"लागेल," मी म्हटलं. "शितानं लावू नकोस फक्त."

राजापूरचे आजोबा तिचेही आजोबाच. ती हसली, मग थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "इथे बासमती शिजवतो गं आम्ही. त्याचं शीत कुठलं चिकटायला."