मातीचा घोडा

ओक्लाहोमा सिटीचं विमान, भाड्याची गाडी, मोटेलची खोली, सगळं यथातथाच. सांगण्यासारखी जागा म्हणजे रेनी माउंटन. ओक्लाहोमा सिटीजवळच्या नॉर्मन शहराहून पश्चिमेच्या रोखाने दोनेक तास गेलं की माळावर ही बुटकी, गोल टेकडी दिसते. पायथ्याशी जुन्या निवासी शाळेचे अवशेष, बाकी गवत आणि वारा. आडोसा म्हणून कुठे नाही. हा कायोवा या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख.

त्यांची कथा अशी: कायोवांनी एकदा मातीचा घोडा घडवायला घेतला. आकार येऊ लागला तशी माती वळवळली, गरगरू लागली, आसपासचं सगळं ओढून घेऊ लागली. झाडं उपटली, मोठमोठी जनावरं वर फेकली गेली. तोच मान-का-यी, वादळाचा आत्मा. त्याच्या तोंडून वीज निघते, शेपटीच्या फटकाऱ्याने टॉर्नेडोचा वारा सुटतो. पण त्याला कायोवा भाषा कळते. म्हणून आभाळ काळवंडलं की जाणती माणसं त्याला सांगतात, आमच्यावरून निघून जा. वादळ आपल्याच हातून घडलंय, म्हणून ते आपलं ऐकेल, हा विचार मला फार मोठा वाटतो.

नॉर्मनच्या सॅम नोबल संग्रहालयात सिल्व्हर हॉर्न या कायोवा चित्रकाराची दिनदर्शिका आहे. दर उन्हाळ्याला एक चित्र, दर हिवाळ्याला एक. १९०५ च्या उन्हाळ्यासाठी हाच घोडा काढलाय, लांब शेपटीचा. त्या वर्षी १० मे रोजी ओक्लाहोमातलं स्नायडर गाव टॉर्नेडोने उद्ध्वस्त झालं, सुमारे शंभर माणसं गेली.

आपल्याकडे बातम्यांत टॉर्नेडोला सर्रास चक्रीवादळ म्हणतात, ते खटकतं. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं, टॉर्नेडो बहुतेक वेळा काहीशे मीटरचा. तो वावटळीसारखा तापल्या जमिनीतून उठत नाही, गडगडाटी ढगाला जोडलेला असतो. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट हवा येते, पश्चिमेकडून कोरडी. खालचा वारा आग्नेयेकडून, वरचा नैऋत्येकडून. या फरकाने ढगाच्या आतली हवाच फिरायला लागते. तळाशी ढगाचा एक तुकडा खाली लोंबू लागला आणि फिरताना दिसला, की बघत बसायचं नाही.

तिथल्या हवामान खात्याचा ‘वॉच’ म्हणजे टॉर्नेडोची शक्यता आहे. ‘वॉर्निंग’ म्हणजे तो दिसलाय किंवा रडारवर फिरकी सापडलीय, लगेच आत व्हा. तळमजल्यावरची, मधली, बिनखिडकीची खोली गाठायची, डोकं झाकायचं. हमरस्त्यावरच्या पुलाखाली मात्र जाऊ नका, हे कळवळून सांगतो. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमातल्या टॉर्नेडोंत पुलांच्या आडोशाला बसलेले तीन जण दगावले. पुलाखालच्या अरुंद जागेतून वारा अधिक जोराने घुसतो, आणि उतारावर चढून बसलं की उडत्या पत्र्यालाकडांपुढे उघडंच पडायला होतं.

गाडीत असाल तर टॉर्नेडोच्या बाजूच्या खांबाशी किंवा झाडाशी नजर जुळवून पाहा. डावीउजवीकडे सरकत नसेल, नुसता मोठा होत असेल, तर तो तुमच्याकडेच येतोय.