सुजला होता पाय, प्रश्न भलतेच

मी ट्रान्स बाई आहे. सोलापुरात एका गारमेंटमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवते, आणि पुण्यातल्या हार्मोनच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही वर्षांपासून इस्ट्राडिओलच्या, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या, गोळ्या घेते. या तिन्ही गोष्टी पुढे लागणार आहेत, म्हणून आधीच सांगितल्या.

शाळा उघडायच्या आधीचे दिवस म्हणजे आमचा हंगाम. मशिनवरून उठायला फुरसत नसते. दिवसभर बसून पाय जड होणं नवीन नाही, पण तेव्हा दोन्ही पाय सारखेच जड होतात. त्या संध्याकाळी डाव्या पोटरीतच कळ होती. घरी येऊन बघते तर डावा पाय उजव्यापेक्षा उघड जाड, कातडी ताणलेली आणि हाताला गरम लागणारी. माझी घरमालकीण, जिला मी अक्का म्हणते, विड्या वळत बसली होती. तिने पाय पाहिला आणि मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. तिच्या सुनेचा पाय बाळंतपणानंतर असाच सुजला होता, आत रक्ताची गुठळी निघाली होती. "सकाळी बिकाळी काही नाही, आत्ताच चल," म्हणाली.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे ते आणि ज्यांच्यामुळे मी चालते-फिरते आहे ते, दोघंही तिथलेच.

कॅज्युअल्टीत पहिली गाठ केसपेपरच्या खिडकीशी. आधारवर तेव्हा माझं जुनंच नाव होतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ट्रान्सजेंडर ओळखपत्र माझ्या पर्समध्ये होतं, तेही काचेखालून सरकवलं. खिडकीतल्या माणसाने ते उलटसुलट करून बघितलं, शेजारच्याला दाखवलं, मग आधारवरचं नाव टाकलं. रागावण्याइतका वेळ नव्हता. पण थोड्या वेळाने तेच नाव भरल्या हॉलमध्ये मोठ्याने पुकारलं गेलं, मी उठले, आणि बाकांवरची सगळी डोकी वळली. शेजारी बसलेल्या बाईने मुलाला जवळ ओढलं. अशा क्षणी माझ्यासारख्या कितीजणी उठून घरी निघून गेल्या असतील हे मला माहीत आहे, कारण त्यातल्या काही माझ्या मैत्रिणी आहेत. ताप अंगावर काढतील, पोटदुखी अंगावर काढतील, पण त्या हॉलमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाहीत.

आत ड्रेसिंग करणारे मामा, एक सिस्टर आणि दोन शिकाऊ डॉक्टर. पहिला प्रश्न आला, "काय झालं रे?" दुसरा, "ऑपरेशन झालंय का?" पाय कुणी पाहिलाच नव्हता. पडद्यापलीकडून आणखी कुणी तरी डोकावून गेलं. मी विचारलं, "डॉक्टर, हे पायासाठी लागणार आहे का? लागणार असेल तर सांगते." तो मुलगा गप्प झाला. वाईट नव्हता तो, त्याला कुणी शिकवलंच नसावं. मग मीच सांगायला लागले: मी इस्ट्रोजेन घेते, गोळीचं नाव हे, डोस हा, सोबत स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन दाबणारी गोळी), सिगारेट नाही, आज संध्याकाळपासून एकच पाय सुजलाय.

'इस्ट्रोजेन' ऐकल्यावर पलीकडच्या टेबलावरून मोठ्या डॉक्टर मॅडम उठून आल्या. तिथून पुढचं सगळं बदललं.

इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याची शक्यता वाढते. गोळीने जास्त, कातडीवर लावायच्या जेल किंवा पॅचने कमी. त्यात तासन् तास बसून काम. पोटरीतल्या खोल शिरेत गुठळी झाली आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. मॅडमनी हे मला सरळ सांगितलं, घाबरवलं नाही. छातीत दुखतंय का, धाप लागते का, खोकताना रक्त पडलं का, असं विचारत बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन ठीक होता. मग म्हणाल्या, "दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजू. सिस्टर, टेप द्या."

टेप सापडेना. ड्रॉवरमध्ये कात्री, चिकटपट्टी, सलाइनचे सेट, सगळं होतं. मी पर्स उघडून माझी टेप पुढे केली. मॅडमनी गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही नडग्यांवर पेनाने खूण केली आणि टेप गुंडाळली. टेपला किंचित पीळ पडला होता. माझा हात आपोआप गेला आणि मी तो सरळ केला. उजवी 34, डावी 38. तीन सेंटिमीटरच्या वर फरक असला की संशय वाढतो, असं त्या शिकाऊ मुलाला त्यांनी तिथेच समजावलं. तोही आता माझ्या पायाकडेच बघत होता.

ईसीजीसाठी छाती उघडी करावी लागते. मी पडदा पूर्ण ओढायला आणि सिस्टरनेच वायर लावाव्यात अशी विनंती केली. दोन्ही झालं. असं मागितलं की कुणी फार खळखळ करत नाही, पण मागावं लागतं, हे मला खटकतं. बाकीच्या बायकांसाठी पडदा न मागता ओढला जात होता. रक्त तपासणीत मॅडमनी पोटॅशियम मुद्दाम लिहिलं, कारण स्पायरोनोलॅक्टोनने ते वाढू शकतं. मूत्रपिंड किती काम करतं याच्या हिशेबाच्या सूत्रात स्त्री-पुरुषाचा आकडा वेगळा येतो, म्हणून हार्मोन किती वर्षं चालू आहेत तेही विचारलं. हा प्रश्न माझ्या शरीराबद्दलचाच होता, पण तो का विचारलाय हे त्यांनी आधी सांगितलं. असल्या प्रश्नांना मी रात्रभर उत्तरं दिली असती.

डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी दिसली. वजन करून त्या मापाने रक्त पातळ करणारं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली दिलं.

आणि मग अडलं ते खाटेवर. पुरुषांच्या वॉर्डात मी जाणार नव्हते. बायकांच्या वॉर्डाकडून निरोप आला की पेशंट तक्रार करतील. कुणालाही न विचारता आलेला निरोप. मी स्ट्रेचरवर, स्ट्रेचर पॅसेजमध्ये, येणारे-जाणारे वळून बघणारे. लघवीला कुठे जायचं हेही ठरत नव्हतं. नातेवाईक कोण, सही कोण करणार, हा वाद वेगळाच. अक्का तेलुगूत आणि मराठीत एकदमच भांडत होती. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाची संमती त्याची स्वतःचीच असते, ते मी सांगितलं आणि सही केली. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याचं कलम 3 आरोग्यसेवेत भेदभाव करायला मनाई करतं, हेही सांगितलं. त्याआधी ट्रान्सजेंडर व्यक्तींचे हक्क मान्य करणाऱ्या 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयात आम्हाला नीट उपचार मिळावेत असं सरकारांना बजावलं होतंच. पण रात्री पॅसेजमध्ये कलमं कुणाला ऐकू येतात? काम झालं ते मॅडमच्या पेनाने. त्यांनी केसपेपरवर 'फिमेल मेडिकल वॉर्ड' लिहिलं, खाली सही आणि वेळ टाकली. लिहिलेल्या ओळीशी कुणी वाद घातला नाही.

वॉर्डात कुणाचीही तक्रार आली नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी सकाळी शेंगाचटणी आणि भाकरी पुढे केली, आणि युनिफॉर्मचं कापड मीटरला काय भावाने पडतं ते विचारत राहिल्या.

मुंबईत जी. टी. रुग्णालयात 2023 मध्ये तृतीयपंथीयांसाठी 30 खाटांचा स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. चांगलंच झालं. पण सोलापूर-अक्कलकोट-मोहोळकडच्या बाईला रात्री गुठळी झाली तर तिला जवळच्या वॉर्डातली साधी खाट हवी असते. ती मिळवायला भांडायला लागू नये, एवढंच माझं मागणं आहे.

घरी सोडताना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मिळाल्या, किमान तीन महिन्यांसाठी. इस्ट्रोजेन थांबवायला लावलं. पुण्याच्या डॉक्टरांशी मॅडम स्वतः फोनवर बोलल्या. पुढे गोळीऐवजी जेल देता येईल का, ते दोघं मिळून ठरवणार आहेत. इथे माझ्या मैत्रिणींना कळवळून सांगते: मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणून दिवसाला चार-पाच गिळू नका. त्यातलं इस्ट्रोजेन वेगळं असतं, गुठळीचा धोका आणखी वाढवणारं. आणि कुठलंही घेत असाल तरी एकच पाय सुजला, तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर 108 ला फोन करा. औषधांची नावं आणि डोस एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा आणि कुणी विचारायच्या आधी तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.

ओळखपत्राच्या आधारे आधारवरचं नाव आता बदलून घेतलंय. रुग्णालयाच्या अधीक्षकांना अर्जही दिला आहे: केसपेपरवर 'हाक मारायचं नाव' असा एक रकाना ठेवा, आणि वॉर्ड ठरवताना पेशंटला विचारून डॉक्टरांनी लेखी द्यावं. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत माझ्याजवळ आहे. उत्तर अजून नाही. पुढच्या डॉपलरला जाईन तेव्हा आधी अधीक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारणार आहे.